झाकणाच्या आतली तारीख

केप्याच्या मामलेदार कचेरीसमोर
जिन्याखाली माझं दुकान, साडेसात फूट रुंद.
झेरॉक्स, टायपिंग, प्रिंट,
आणि कुणी मागितला नाही तरी सल्ला.

बागायतीत रानडुक्कर घुसतं म्हणून
बंदुकीचा परवाना मागणाऱ्यांच्या अर्जात
मी काडतूस लिहिते.
त्याचाच भाऊबंद माझ्या प्रिंटरच्या पोटात असतो,
काळी भुकटी भरून.
त्याला मात्र सगळे कार्ट्रिज म्हणतात,
परवानाही लागत नाही.

इनास मडगावहून येतो, गुरुवारी,
स्कूटरच्या फळीवर खोकी रचून.
"बाये, ओरिजिनल गो. दोन घेतलीस तर आणखी कमी."
मी आधी खोकं उन्हात नेते, तिरपं करते.
खऱ्या स्टिकरवरची अक्षरं जागा सोडतात,
निळ्यातून हिरव्यात जातात
ताज्या बांगड्याची पाठ वळावी तशी.
खोटं नुसतं चमकतं. कुठूनही बघा, तेवढंच.
मग गोंद. खोटं करणारा गोंदाला हात आखडत नाही,
त्याला भीती असते ना, उघडेल म्हणून.
बांगडा आईने शिकवला, कल्ले उचलून.
हे कुणी शिकवलं नाही.
चार वेळा फसले, तेवढीच शाळा.

त्या गुरुवारी अक्षरं हलली.
गोंद पातळ, नंबर जुळला.
सतराशे मोजले.
दुकानात गर्दी, वकिलांचे कारकून डोक्यावर,
सुलक्षाने खोकं फोडलं, कार्ट्रिज बसवलं.
साठेक पानं झकास.
मग डाव्या बाजूला राखाडी पट्टा,
ओल्या कपड्याने लादी पुसल्यासारखा.

शनिवारी आनामारिया आली, आंबावलीची,
वाटणीच्या कामाचं प्रतिज्ञापत्र घेऊन.
काही बोलली नाही.
कागद उलगडला:
घडीवर नवऱ्याचं नाव उरलं नव्हतं.
अंगठा दाखवला.
नाव तिथे होतं, काळं,
पियेदाद मधला पि तेवढा शाबूत.
त्याच पिशवीत आजेसासऱ्याचा कागद,
पोर्तुगीज काळातला, टाकाने लिहिलेला,
शाई तपकिरी झालेली, पण जागची हललेली नाही.

ती गेल्यावर टेबलाखालून खोकं काढलं.
नवं कार्ट्रिज किती दिवस पुरतं ते कळावं म्हणून
मी झाकणाच्या आत पेन्सिलीने तारीख घालते.
त्या दिवशी राहिलीच होती.
झाकण उलटं केलं.
तारीख होती.
२४ जानेवारी.
माझा चार, नेहमीसारखा पाठीवर आडवा पडलेला.

बसाप्पा भंगारवाला आठवला.
रिकामं खोकं पंधरा रुपये,
स्टिकर शाबूत असेल तर वीस.
"फाडू नका हं, अक्का."
मी फाडत नव्हते.
नखानेही ओरखडा पडू नये असं उघडत होते,
आणि रद्दीपेक्षा बरा भाव म्हणून खूश होते.
वीस कशाचे, ते विचारलं नाही.
विचारायला काय, जीभ होती.

प्रतिज्ञापत्र पुन्हा केलं, स्टँपपेपर माझ्या पैशांनी.
आनामारियाने दोन नारळ ठेवले,
मला ते घ्यावे लागले.

पुढच्या गुरुवारी इनासला झाकण दाखवलं.
तो बराच वेळ बघत राहिला,
जणू मोठा मजकूर आहे.
"म्हणजे बॉक्स तरी ओरिजिनल निघाला, बाये."
मला हसू आलं. राग नंतर आला,
तोवर स्कूटर पुलावर पोचली होती.

आता रिकामं खोकं कापते, स्टिकरच्या मधोमध.
कात्री बोथट, जोर लावावा लागतो.
बसाप्पा तोंड वाकडं करून किलोवर घेतो.
परवा दोन तुकडे उंबऱ्यापाशी पडले होते उन्हात,
दोन्हींवर अर्धी अर्धी अक्षरं,
निळी, हिरवी, परत निळी.
सुलक्षा म्हणाली, अजून हलतात बघ.
म्हटलं, हलणारच. खरी आहेत.